जपान खाली, चीन वर: लाकडी चिप्सच्या दोन रेघा नीट वाचूया

जपान आणि चीनने गेल्या साठेक वर्षांत बाहेरून किती लाकडी चिप्स मागवल्या याचा ग्राफ काढला तर तो बघायला एकदम सोपा आहे. जपानची रेघ १९६० च्या दशकाच्या मध्यावर उठते, चढत चढत २००७-०८ च्या आसपास वर्षाला १ कोटी ४० लाख टनांच्या घरात जाते आणि मग उतरायला लागते, २०२० ला साधारण १ कोटी. चीनची रेघ २००५ पर्यंत जवळजवळ दिसतच नाही, उलट त्याआधी चीनच आपल्या दक्षिणेकडच्या प्रांतांतून जपानला चिप्स विकत होता, पण २००८ नंतर ती अशी उठते की २०१० ला ४५ लाखांच्या आसपास, २०१३ ला ९० लाखांच्या वर, २०१८ च्या सुमारास जपानच्या पुढे, २०२१ ला दीड कोटी. हे बघितलं की बहुतेकांच्या मनात पटकन एकच निकाल तयार होतो, चीन जगाची जंगलं खातोय आणि जपान शहाणा झाला. मला हा निकाल चुकीचा वाटतो. आकडे खोटे नाहीत, पण ते ज्या पद्धतीने वाचले जातात ती पद्धत आपल्याला फसवते, आणि ती फक्त या दोन देशांपुरती नाही म्हणून त्यावर लिहावंसं वाटलं.

आधी ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी. लाकडी चिप्स म्हणजे साल काढलेल्या लाकडाच्या दोन-तीन सेंटीमीटरच्या पातळ ढलप्या, मशीनमध्ये एकसारख्या कापलेल्या, ज्या पुढे केमिकलमध्ये शिजवून त्याचा लगदा करतात आणि लगद्याचा कागद, टिश्यू, पुठ्ठा, काही ठिकाणी व्हिस्कोसचं कापडसुद्धा. पूर्ण ओंडका आणण्यापेक्षा ढलप्या आणल्या की कारखान्यात थेट पट्ट्यावरून आत जातात म्हणून पेपर मिलवाल्यांना हे सोयीचं. ढलप्या वजनाला हलक्या आणि जागा खूप खातात, त्यामुळे त्यांची जहाजंच वेगळी असतात, उंचच उंच पोटाची, एका खेपेत ४०-५० हजार टन माल. ऑगस्ट २०२१ मध्ये जपानच्या हाचिनोहे बंदराबाहेर 'क्रिम्सन पोलारिस' नावाचं जहाज रुतून दोन तुकडे झालं आणि तेल सांडलं ती बातमी आली होती, ते असंच चिप्सचं जहाज, थायलंडहून निघालेलं, पोटात ४४ हजार टन ढलप्या.

आणि टनाबद्दल एक गोष्ट, कारण निम्मा गोंधळ इथेच होतो. ताज्या ढलप्यांमध्ये जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं म्हणून या धंद्यात 'बोन ड्राय टन' मोजतात, म्हणजे पाणी वजा करून उरलेलं कोरडं लाकूड. मार्केट यार्डात सोयाबीनला मॉइश्चर लावून वजन कापतात तसंच हे. आता एका देशाचा आकडा ओल्या टनात आणि दुसऱ्याचा कोरड्या टनात घेऊन कुणी शेजारी शेजारी ठेवला तर तुलना तिथेच मेली, आणि असं होतं. चिप्सच्या आयातीचे मी वर दिलेले आणि खाली देणार ते आकडे कोरड्या टनातले आणि ढोबळ आहेत.

आता जपानचं बघूया, कारण तिथली गोष्ट लांब आहे आणि ती लोक विसरलेत.

चिप्ससाठी म्हणून खास बांधलेलं जगातलं पहिलं जहाज 'कुरे मारू', १९६४, जपानचं. ते अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून माल आणायला लागलं. तिथल्या सॉ मिलमध्ये डग्लस फर नावाच्या झाडाची कापणी होऊन जो उरलेला भाग होता तो तोपर्यंत शंकूच्या आकाराच्या मोठमोठ्या भट्ट्यांमध्ये जाळून टाकायचे, त्यामुळे सुरुवात तर खरंच चांगली होती, टाकाऊ माल विकत घेतला जात होता. पण जपानची भूक वाढली, तिथे टीव्ही आला गाड्या आल्या पेपर मॅगझिन जाहिराती आल्या, आणि सॉ मिलचा उरलेला माल पुरेना. मग नुसत्या चिप्ससाठी जंगल तोडायची कल्पना आली, आणि ती पोचली ऑस्ट्रेलियात.

न्यू साउथ वेल्समधलं ईडन, १९७० च्या सुमारास. तस्मानियात ट्रायाबुना, १९७१. पुढे पश्चिम ऑस्ट्रेलियातलं बनबरी. युकॅलिप्टस म्हणजे नीलगिरी, आपल्याला बांधावरची सरळसोट झाडं डोळ्यासमोर येतात, पण इथे लावलेली नीलगिरी नाही, नैसर्गिक जंगलातली, शेकडो वर्षं वयाची, काही ठिकाणी ८०-९० मीटर उंच वाढणाऱ्या जातीची झाडं. तस्मानियात तर सरकारी जंगलातून तोडलेल्या लाकडाचा बहुतांश भाग फळी न होता चिप्समध्ये गेला. पूर्ण उतारच्या उतार साफ करायचे, मग उरलेला पालापाचोळा पेटवून द्यायचे, मग नवी रोपं. या एका प्रश्नावर ऑस्ट्रेलियाचं राजकारण तीन-चार दशकं तापलेलं होतं, जंगल वाचवणारे एका बाजूला आणि लाकूडतोड्यांची कुटुंबं दुसऱ्या बाजूला, १९९५ च्या सुरुवातीला तर चिप्स एक्स्पोर्टच्या लायसनवरून लाकडाचे ट्रक आणून कॅनबेराच्या पार्लमेंटला वेढा घातला होता. आणि हे सगळं होत असताना माल जात होता मुख्यतः एकाच देशात.

पापुआ न्यू गिनीमध्ये मदांगजवळ गोगोल नावाचं खोरं आहे. १९७३ च्या आसपास तिथलं सदाहरित पावसाळी जंगल, शंभर प्रकारची झाडं एकत्र असलेलं, सरसकट चिप्ससाठी तोडायला सुरुवात झाली, आधी असं मिश्र जंगल लगद्याला चालतच नाही असं मानायचे, जपानी तंत्राने ते चालवून दाखवलं. तोडलेल्या भागाच्या मानाने नवी लागवड थोडीच झाली. इंडोनेशियात कालिमंतानमध्ये आणि पापुआकडच्या बिंतुनी खाडीत तिवरांच्या जंगलाच्या चिप्स झाल्या आणि त्याही जपानला गेल्या. कोकणात खाडीकाठी राहणाऱ्याला तिवरं गेली म्हणजे काय जातं हे सांगायला नको, मासळीची पिल्लं जातात, बांध फुटतात.

हे सगळं त्या ग्राफमध्ये कुठे आहे? कुठेच नाही. तिथे फक्त एक चढती रेघ आहे, आणि त्या रेघेतला १९७५ चा टन आणि २०१५ चा टन सारखाच दिसतो, जरी एक गोगोलच्या जंगलातला असेल आणि दुसरा कुणीतरी लावलेल्या झाडाचा.

पुढे जपान बदलला हेही खरं आहे आणि ते मला सांगायचंच आहे. जपानी पेपर कंपन्यांनी ब्राझील, चिली, ऑस्ट्रेलिया, व्हिएतनाममध्ये स्वतःच्या लागवडी केल्या, ते जुनं जंगल तोडण्यापेक्षा केव्हाही बरं. २००० नंतरच्या दशकात जपानी गिऱ्हाईकांनी एफएससीसारखं, म्हणजे लाकूड जंगल नीट सांभाळून काढलंय असं सांगणारं, सर्टिफिकेट असलेलंच लाकूड मागायला सुरुवात केली आणि त्याचा थेट फटका तस्मानियाला बसला. तिथली सगळ्यात मोठी कंपनी गन्स, तिने २०१० मध्ये नैसर्गिक जंगलातून बाहेर पडायचं जाहीर केलं, २०११ मध्ये ट्रायाबुनाची चिप मिल विकली, २०१२ मध्ये कंपनीच बुडाली. आंदोलनांनी वातावरण तयार केलं यात शंकाच नाही, पण गिऱ्हाईकाने 'हा माल नको' म्हटल्यावर जे झालं ते किती झपाट्याने झालं बघा. माझ्या सगळ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. माल घेणाऱ्या देशाच्या हातात एवढी ताकद होती, आणि ती वापरायला त्याने पस्तीस-चाळीस वर्षं लावली.

जपानची रेघ नंतर उतरली त्याचं श्रेय मात्र सगळंच शहाणपणाला देता येत नाही. कागद आणि पुठ्ठ्याचं उत्पादन २००० साली ३ कोटी १० लाख टनांच्या वर होतं, २०२० ला २ कोटी ३० लाखांच्या खाली आलं. लोकसंख्या कमी होतेय, पेपर मोबाईलवर वाचतात, २००८ च्या मंदीने एकदम खाली आणलं ते परत वर गेलंच नाही, शिवाय रद्दी वापरण्यात जपान आधीपासून पुढे. मागणीच आटली.

आणि एक गोष्ट तर त्या रेघेत दिसतच नाही. २०११ च्या फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेनंतर जपानने २०१२ पासून बायोमास विजेला, म्हणजे लाकूडफाटा वगैरे जाळून केलेल्या विजेला, चांगला बांधून दिलेला दर द्यायला सुरुवात केली आणि लाकडाच्या पेलेट्स, म्हणजे भुसा दाबून केलेल्या गोळ्या, बाहेरून यायला लागल्या. २०१२ मध्ये वर्षाला लाखाच्या आत असलेलं हे प्रमाण २०२२ ला ४४ लाख टनांवर गेलं आणि २०२३ ला ५८ लाखांच्या आसपास, मुख्यतः व्हिएतनाम आणि कॅनडातून. कस्टमच्या तक्त्यात हा वेगळा कोड, म्हणून चिप्सच्या ग्राफमध्ये नाही. लाकूड तेच, बंदर बहुतेक तेच, फक्त कागद होण्याऐवजी बॉयलरमध्ये जातंय. मग जपानची रेघ खाली आली म्हणून टाळ्या वाजवायच्या का?

चीनकडे येऊ. चीनची रेघ अचानक उठलेली दिसते पण त्याची कारणं आधीची आहेत. १९९८ मध्ये यांगत्से नदीला भयानक पूर आला, हजारो माणसं गेली, आणि वरच्या खोऱ्यातली जंगलतोड हे त्याचं एक मोठं कारण मानलं गेलं, मग सरकारने नैसर्गिक जंगलातली तोड टप्प्याटप्प्याने थांबवायला घेतली आणि २०१७ पर्यंत देशभर व्यापारी तोड बंद केली. त्याच काळात किनाऱ्यावर राक्षसी लगदा कारखाने उभे राहिले, हायनानमध्ये २००५ च्या सुमारास, शानदोंगमधल्या रिझाओला २०१० मध्ये मोठी नवी लाइन, ग्वांगडोंगमधल्या झानज्यांगला २०११ मध्ये. हे कारखाने खोल बंदराजवळच का, तर माल बाहेरून जहाजाने येणार हे आधीच ठरलेलं होतं. ग्वांगशीत नीलगिरीची प्रचंड लागवड केली तरी ती पुरणारी नव्हती. नंतर परदेशी रद्दीवर बंदी आली, २०१८ पासून कडक आणि २०२१ पासून पूर्ण, म्हणजे जुना कागद येईना तर नवं लाकूड लागणारच.

हे लाकूड आलं मुख्यतः व्हिएतनाममधून, मग ऑस्ट्रेलिया, थायलंड, चिली वगैरे. व्हिएतनामचं लाकूड म्हणजे अकेशिया, जे आपल्याकडे कोकणात आणि गोव्यात सामाजिक वनीकरणाने रस्त्याकडेला आणि माळावर लावलेल्या ऑस्ट्रेलियन बाभळीचं जवळचं नातेवाईक. क्वांग न्गाई, बिन्ह दिन्ह या भागात डोंगरउतारावर एक-दोन हेक्टरवाली शेतकरी कुटुंबं ते लावतात, चार-सहा वर्षांत तोडतात आणि चिप मिलला देतात. २०११-१२ च्या सुमारास व्हिएतनाम ऑस्ट्रेलियाला मागे टाकून जगातला सगळ्यात मोठा चिप्स विकणारा देश झाला. यातून गरीब डोंगरी भागात पैसा आला हे नाकारणं अन्यायाचं होईल. आणि चीन आल्याने विकणाऱ्याला एक फायदा झाला, तोपर्यंत जवळजवळ एकटा जपानच मोठा गिऱ्हाईक होता, वर्षाला एकदा भाव बसून ठरायचा आणि तो कुणाच्या मर्जीने ठरत असेल हे सांगायला नको, आता दुसरा गिऱ्हाईक दारात उभा राहिला.

आता माणशी हिशोब करूया, कारण तो कुणी करत नाही. जपान त्याच्या शिखरावर होता तेव्हा १ कोटी ४० लाख टन आणि माणसं पावणेतेरा कोटी, म्हणजे माणशी ११० किलो. चीन २०२१ ला दीड कोटी टन आणि माणसं १४१ कोटी, माणशी ११ किलोच्या आसपास. दहापट फरक. आणि उतरलेला आजचा जपानसुद्धा माणशी ८० किलोच्या आसपास आहे. एकूण साठा बघितला तरी तेच, माझ्या ढोबळ हिशोबाने १९९० ते २०२० या तीस वर्षांतच जपानने तीस कोटी टनांहून जास्त चिप्स आणल्या, चीनने २००५ ते २०२० मध्ये ११-१२ कोटी. मग राक्षस कोण?

इथे मला एक आक्षेप दिसतो आणि तो रास्त आहे. क्वांग न्गाईच्या डोंगराला माणशी किलोशी काय देणं-घेणं, त्याच्यावरची झाडं किती टन गेली एवढंच त्याला लागतं, माती किती वाहिली तेवढंच, आणि एकूण टन चीनचेच जास्त आहेत. अगदी बरोबर. म्हणून मी म्हणतो की दोन प्रश्न वेगळे ठेवायला हवेत, जमिनीवर ताण किती पडतोय हे एकूण टनांवरून बघा आणि दोष कुणाचा किती हे माणशी वापर आणि मागचा इतिहास धरून बघा, आपण काय करतो तर एकूण टनांवरून दोष वाटून मोकळे होतो आणि ज्याची लोकसंख्या मोठी तो आपोआप आरोपी. हे आपल्याला तरी कळायला हवं, कार्बनच्या प्रश्नात भारताला नेमकं याच पद्धतीने कोंडीत पकडतात आणि तेव्हा आपण बरोबर माणशी हिशोब मांडतो. मग चीनची गोष्ट आली की आपण तो का विसरायचा, शेजाऱ्याशी भांडण आहे म्हणून?

आणि तरीही चीनला मी सोडत नाहीये. चिप्सचा आकडा हा चीनच्या लाकूड आयातीचा छोटा तुकडा आहे. तयार लगदाच तो वर्षाला ३ कोटी टनांच्या आसपास आणतो, २०२० चं सांगतोय, आणि केमिकल लगदा करताना लाकडाचं निम्म्याहून जास्त वजन निघून जातं, म्हणजे एक टन लगद्यामागे दोन टनांच्या वर कोरडं लाकूड. गुणाकार करा, साठ कोटी क्विंटल लाकूड चिप्सच्या ग्राफमध्ये कुठेच न दिसता ब्राझील, इंडोनेशिया, कॅनडामधून आत येतंय. त्यातला काही भाग परत खोक्यांच्या रूपात जगभर जातो, आपल्या घरी येणाऱ्या मोबाईलच्या पांढऱ्या बॉक्समध्येसुद्धा असेल, तो वापर मग चीनचा म्हणायचा की आपला?

मला सगळ्यात जास्त खटकतं ते पुढचं. दोन्ही देश अभिमानाने सांगतात की आमची जंगलं वाढली. जपानची दोन तृतीयांश जमीन जंगलाखाली आहे, त्यातलं सुमारे ४० टक्के मुख्यतः युद्धानंतर लावलेलं, सुगी आणि हिनोकी या तिथल्या सूचिपर्णी झाडांचं, पण १९६४ ला ओंडक्यांची आयात खुली केल्यावर बाहेरचं लाकूड स्वस्त पडायला लागलं, देशाची लाकडातली स्वयंपूर्णता २००२ ला १९ टक्क्यांच्या खाली गेली होती, आणि ती लावलेली जंगलं विरळणी न करता तशीच दाट उभी राहिली, आता दर वसंतात सुगीच्या परागकणांनी कोट्यवधी लोक शिंकतात. गेल्या काही वर्षांत ती टक्केवारी ४० च्या वर आलीय, चांगलं आहे. पण ज्या दशकांत घरचं लाकूड उभं होतं त्याच दशकांत तस्मानिया आणि गोगोल तोडलं गेलं. चीनने घरची तोड थांबवली ती पुरातून शिकून, योग्यच केलं, पण कागद कमी केला नाही, ताण सीमेपलीकडे ढकलला. घरच्या जंगलाचा टक्का आणि बाहेरून आणलेलं लाकूड हे दोन आकडे एकाच पानावर छापल्याशिवाय कुठल्याही देशाचा 'आमचं जंगल वाढलं' हा दावा मान्य करू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आपला देशसुद्धा यात आला. आपल्या जंगल सर्वेक्षणात एक हेक्टरवर झाडांचं दहा टक्के छत्र असलं की ती जमीन वनाच्छादनात, झाड कुठलं, जमीन कुणाची हे बघत नाहीत, म्हणजे आंब्याची बाग, नीलगिरीची लागवड सगळं त्यात. आणि कागदासाठी जंगल कसं दिलं जातं याचा आपला अनुभव जुना आहे, कर्नाटकात दांडेलीच्या पेपर मिलला १९५८ च्या सुमारास बांबू टनाला दीड रुपयाने मिळत होता हे माधव गाडगीळांनी कितीदा लिहिलंय, त्याच वेळी टोपल्या विणणाऱ्या बुरुडाला तोच बांबू बाजारभावाने घ्यावा लागायचा. १९८८ च्या वन धोरणाने सांगितलं की कारखान्यांनी लाकूड शेतकऱ्यांकडून घ्यावं, सरकारी जंगल सवलतीत मिळणार नाही. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गावाला २०११ मध्ये आपल्या बांबूवरचा हक्क प्रत्यक्ष मिळाला, आणि बांबूला भाव किती असायला हवा हे तेव्हा कळलं. तर विकणाऱ्याच्या हातात हक्क असला की हिशोब बदलतो, हे आपण घरातच बघितलंय.

म्हणून व्हिएतनामबद्दल बोलायचं तर. तिथल्या सरकारने २०१६ पासून चिप्सच्या निर्यातीवर २ टक्के कर बसवला, हेतू हा की झाड लवकर तोडून चिप्स करण्यापेक्षा दहा-बारा वर्षं वाढवावं, मग त्याची फळी होते, फर्निचरला जाते, पैसे कितीतरी जास्त येतात आणि उतारावरची माती सारखी सारखी उघडी पडत नाही. पण थांबायचं कुणी? एक-दोन हेक्टरवाल्याला पोराच्या शाळेसाठी पाचव्या वर्षी पैसे लागतात, आणि वर वादळाची भीती, सप्टेंबर २०२४ च्या यागी वादळाने क्वांग निन्ह भागात लाखभर हेक्टरवरची लागवड झोपवली, दहा वर्षं थांबलेल्याचं सगळंच गेलं असेल. २ टक्के कर हा त्यावर उपाय नाहीच, तो शेवटी भावातून शेतकऱ्याच्याच खिशातून जातो.

इथे पैसे टाकायला पाहिजेत ते जपानने आणि चीनने. थांबण्याच्या वर्षांचं बिनव्याजी कर्ज आणि वादळाचा विमा, दोन्ही माल घेणाऱ्या कंपन्यांवर टनामागे ठरावीक रक्कम लावून उभं करता येईल. टनामागे थोडे पैसे लावले तरी वर्षाला अडीच कोटी टनांवर रक्कम मोठी होते. जपानने चाळीस वर्षं स्वस्तात माल नेला त्या हिशोबाने त्याचा वाटा माणशी जास्त असावा, चीनचा एकूण टनांवर. आणि दोन्ही देशांच्या कस्टमच्या तक्त्यात आत्ता मुख्यतः सूचिपर्णी की रुंदपर्णी एवढंच वेगळं दाखवलं जातं, त्यात आणखी दोन रकाने घालावेत, लाकूड नैसर्गिक जंगलातलं की लावलेलं, आणि लावलेलं असेल तर कितव्या वर्षी तोडलं. व्हिक्टोरिया आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून सरकारी नैसर्गिक जंगलातली व्यापारी तोड बंद केलीय, तस्मानियात ती अजून चालू आहे, आणि तिथून निघालेली ढलपी कुठल्या बंदरात उतरते हे त्या दोन रकान्यांशिवाय क्योटोतल्या किंवा शांघायमधल्या वाचकाला कळायचा मार्ग नाही.